नातवाच्या पहिल्या चालण्याचा व्हिडिओ

माझा नातू चालायला शिकला तो बोंबलांच्या वलांडीला धरून. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायची आडव्या बांबूंची चौकट. दोन बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून जोडी करायची आणि बांबूवर टांगत जायचं. आमच्या तारापूरच्या बाजूच्या किनाऱ्यावर दिवाळीनंतर जिकडे बघाल तिकडे वलांड्याच दिसतील. सगळ्यात खालचा बांबू आम्ही मोकळा ठेवतो, नाहीतर कुत्री ओढतात. तो बांबू बरोबर त्याच्या छातीशी यायचा. मी वर बोंबील लावत सरकायचे, तो खाली बांबू धरून माझ्या मागे मागे. बांबू संपला की तिथेच बूड टेकायचा आणि असा भोंगा काढायचा की समोरच्या आळीतून बायका विचारायच्या, काय झालं गो, पडला काय. पडला नाही, त्याचा रस्ता संपला.

हे पोर माझ्याकडे कसं आलं ते आधी सांगते. माझा मुलगा बोईसरला एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर आहे. सून कॉलनीत वाढलेली. तिचे वडील सोलापूरकडून वीज प्रकल्पात नोकरीला आले आणि इकडचेच झाले. पोरगी गुणाची आहे, आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी तिच्यावर बोट ठेवेल. तिचीही नोकरी. मूल सहा महिन्यांचं झालं तशी तिची रजा संपली आणि दोघं माझ्याकडे आली. मुलगा म्हणाला, ‘आये, तूच बघ याला. परक्याच्या हातात नाय द्यायचा.’ मला काय, आंधळ्याला डोळेच. सोमवारी सकाळी मोटारसायकलवर आणून सोडायचे आणि शनिवारी संध्याकाळी न्यायचे. मधले सगळे दिवस तो माझा.

संध्याकाळी सुनेचा फोन यायचा. ‘आई, आज काही नवीन केलं का त्याने?’ मग मी सुरू. आज कावळ्याला हात केला, आज वाटी डोक्यावर पालथी घातली, आज दोन्ही हात सोडून उभा राहिला आणि स्वतःच घाबरला. तिला हे सगळं लागायचं. त्यांच्या बिल्डिंगमधल्या आईबापांचा मोबाइलवर ग्रुप होता. सगळ्यांची पोरं एका वयाची. कुणाचं बसलं, कुणाचं रांगलं, कुणाला दात आला, सगळं तिथे जायचं. ती हसून म्हणायची, ‘आई, माझ्याकडे सांगायला काहीच नसतं, सगळं तुमच्याकडे घडतं.’ हसायची, पण पोटात तुटायचं तिचं. मला कळायचं. म्हणून मी बारीकसारीकसुद्धा सोडायचे नाही.

तो पहिल्यांदा सुटा चालला ती सकाळ मला लख्ख आठवते. वारा चांगला होता, बोंबील भराभर सुकत होते. मी खळ्याच्या, म्हणजे आमच्या वाळवणाच्या अंगणाच्या, या टोकाला टोपली घेऊन बसलेले, तो तिकडे बांबूला धरून. माझी धाकटी जाऊ माझ्या पाठीशी उभी होती. ती सकाळपासून मोबाइल काढून त्याच्या मागे लागली होती. मी हाक मारली, ‘ये रं बाला, ये. ये, ये, ये. आजीकडं ये.’ आम्हा समुद्राकाठच्या बायकांचा आवाज मोठा. वाऱ्यावर हळू बोलून कुणाला ऐकू जाणार? त्याने बांबू सोडला. एकदा मागे बघितलं, बांबू आहे का तिथेच. मी पुन्हा ओरडले, ‘ये रं, नाय पडत, मी हाय ना.’ आणि आला. पोट पुढे, हात वर, दारू प्यायल्यासारखा झुलत झुलत थेट माझ्या टोपलीत. ओल्या बोंबलांत.

जावेने ते सगळं टिपलं. व्हिडिओत मी दिसत नाही. ती माझ्या मागून काढत होती आणि मला वगळून मोबाइल फक्त पोरावर धरला होता. पण तो चालतोय ते माझ्या आवाजाकडे, हे आंधळ्यालाही कळेल असा तो व्हिडिओ.

लगेच सुनेला पाठवला. ती ऑफिसात रडली म्हणाली. मुलाचाही फोन आला, ‘आये, भारी. ग्रुपवर टाकला, सगळ्यांना आवडला.’ मी त्या दिवशी आळीभर सांगत फिरले. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी माझा आवाज ऐकला म्हणून. जाऊ म्हणाली, ‘बाय, आता तुला टीवीवर बोलवतील. मला विसरू नको.’

मग तो बोलायला लागला. पहिला शब्द ‘मावरं’. मासा दिसला की मावरं, मासा नाही दिसला तरी मावरं. मग ‘नाय’. तो शब्द तर त्याला इतका आवडला की जेवतोस का, नाय, झोपतोस का, नाय, मी तुझी कोण, नाय. जावेच्या हातात काही खायचं दिसलं की हात पसरून म्हणायचा, ‘दे गो.’ आम्ही दोघी एकमेकींना जसं बोलतो तसंच. ती त्याला मुद्दाम छळायची, ‘मला गो म्हनतोस? मी तुझी सून काय रं?’ आणि तो पुन्हा, ‘दे गो.’ हसून हसून आमची कामं राहायची.

सगळं मी सुनेला सांगत होते. तीही हसायची. मुलगा हसायचा का? आता आठवते तर वाटतं, तो गप्प असायचा. पण पुरुषमाणूस, दमून आलेलं, मी काही मनात आणलं नाही.

नातू दोन वर्षांचा व्हायला आला तेव्हा एका रविवारी मुलगा माझ्यासाठी गुडघ्याला बांधायचे पट्टे घेऊन आला. स्वतः खाली बसून माझ्या पायाला बांधले. म्हणाला, ‘आये, आता तुझं वय झालं. दिवसभर त्याच्या मागं धावतेस, मला बघवत नाय. पुढच्या महिन्यापासून त्याला बोईसरला प्लेग्रुपमधे घालतो. अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस तिथेच पाळणाघर. तू आराम कर.’

पोर जाणार म्हणून मला खूप वाईट वाटलं. पण त्याहून जास्त, मुलाने माझा विचार केला म्हणून भरून आलं. आमचे हे आठ-आठ दिवस बोटीवर. माझ्या गुडघ्यांची चौकशी कुणी केली होती आजवर? मी पट्टे बांधून आळीत मिरवले. सगळ्यांना सांगितलं, माझ्या मुलाला माझी काळजी. मनात मात्र ठरवलं होतं, वाढदिवसाला त्याला सांगायचं, बाबा रे, गुडघे माझे ठीक आहेत, अजून एक वर्ष ठेव त्याला माझ्याकडे. शाळा काय, तिसऱ्या वर्षीही घालता येईल. खरंच ठीक होते गुडघे. थोडे कुरकुरायचे, एवढंच.

वाढदिवस बोईसरला हॉलमध्ये होता. मी आणि जाऊ रिक्षाने गेलो. मी पैठणी नेसले, खाली पट्टे. जाऊ सांगत होती, ‘साडी दोनदा धुतली गो, तरी वास येतो काय बघ.’ मी म्हटलं, ‘तुझा नाय येत, माझा येत असेल तर मला ठाऊक नाय.’

हॉलमध्ये फुगे, गाणी. सून धावत आली, पाया पडली, आम्हाला पुढे खुर्च्यांवर बसवलं. मुलगा आला आणि म्हणाला, ‘आई, नीट बसलीस ना? पंख्याखाली बस.’ आई. मी त्याच्याकडे बघितलं. जन्मापासून मी त्याची आये. पण चारचौघांत बोलायची रीत असेल म्हणून सोडून दिलं.

आजूबाजूला सगळी ग्रुपमधली आईबापं. कानावर पडत होतं ते सगळं पोरांच्या कौतुकाचं.

‘आमची तर नवव्या महिन्यात धरून उभी राहिली.’

‘आमचा रांगलाच नाही. डायरेक्ट चालला.’

‘आमचा चालायच्या आधी पळाला म्हणा ना. आणि आता इंग्लिशमध्ये सगळे कलर सांगतो.’

जाऊ माझ्या कानात म्हणाली, ‘आमचा इथवर रिक्षा चालवत आला, सांग त्यांना.’ मी तिला कोपर मारलं.

केक कापून झाला. मग दिवे मंद केले आणि भिंतीवर मोठ्या पडद्यावर फिल्म लावली. नातू जन्मला तेव्हापासूनचे फोटो. हॉस्पिटलातला, बारशाचा, उष्टावणाचा. मी जावेचा हात धरला. म्हटलं, ‘बघ हां, आता वलांडीचा येईल. माझा आवाज ऐक आता, एवढ्या मोठ्या स्पीकरवर.’ ती म्हणाली, ‘माझा पन येईल, मी खोकले व्हते मधेच.’

आला. तो बांबू, ते ऊन, ते पोट पुढे काढलेलं पोर. खाली अक्षरं आली, पहिलं पाऊल. आणि वर एक गाणं. कसलं तरी गोड सनईसारखं वाजणारं. मी वाट बघत होते की गाणं थांबेल आणि मी ओरडेन. पोराने बांबू सोडला. मागे बघितलं. तिथे मी म्हटलं होतं, नाय पडत, मी हाय ना. गाणं चालूच. पोर चालत आलं, चालत आलं, कुणाकडे येतंय ते कळेना, आणि टोपलीत पडायच्या आधीच व्हिडिओ कापला. पुढचा फोटो कुठल्याशा बागेत, आई-बाबांनी दोन्हीकडून हात धरलेले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.  जाऊ माझी चेष्टा करायची एकही संधी सोडत नाही, पण त्या वेळी तिने फक्त माझा हात दाबला. त्यावरून मला कळलं की मी चुकीचं ऐकलेलं नाही.

तरीही मी मनाला समजावत होते. फिल्ममध्ये गाणं घालायचं तर आवाज जाणारच, सगळीकडे असंच करतात. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरची बाई माझ्याकडे वळली. ग्रुपमधलीच, हसऱ्या तोंडाची, मांडीवर दोन वेण्यांची पोरगी.

‘तुम्ही त्याच्या आजी ना? तुमचा नातू फार गोड आहे हो. त्या दिवशी प्लेग्रुपच्या अ‍ॅडमिशनला आम्ही एकाच वेळी होतो. टीचरनी बिस्किट दाखवलं, तर हा हात पसरून म्हणतो कसा, दे गो. आम्ही सगळे इतके हसलो.’

जाऊ हसली. मीही हसले. म्हटलं, तसाच हाय तो.

‘त्याचे बाबा मात्र ओशाळले बिचारे,’ ती म्हणाली. ‘वाईट वाटून घेऊ नका हं आजी, पण त्यांनी वेळेवर काढलं त्याला गावाहून. आमची पण आजोळी राहून तशीच बोलायला लागली होती. लहानपणी बसलेलं वळण नंतर जात नाही. ते म्हणाले ना, म्हणूनच इकडे आणतोय म्हणून. तो व्हिडिओ टाकला तेव्हाही म्हणाले होते, आवाज काढूनच टाकलाय, बोली फार गावठी येत होती.’

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पोरीला चमच्याने केक भरवत ती सांगत होती. तिला वाटलं मला ठाऊकच असणार.

मग मी जेवले नाही. जेवणाची रांग लागली होती, सून प्लेट घेऊन आली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, ‘आवाज कोणी काढला?’ ती गोंधळली. इकडे तिकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, ‘आई, मी नाही काढला. माझ्या मोबाइलमध्ये आवाजासकट आहे, मी रोज ऐकते. ग्रुपवर ह्यांनी टाकला.’ डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी म्हटलं, ‘तू रडू नको, तुझ्या पोराचा वाढदिवस हाय.’

खरं सांगते, तिने काढला असता तर मला एवढं लागलं नसतं. ती दुसऱ्या घरची, दुसऱ्या मुलखाची. तिच्या कानाला आमचं बोलणं खडबडीत लागलं असतं तर मी समजले असते. पण हा? हा माझ्याच तोंडचं ऐकून बोलायला शिकला. यालाही मी अशीच हाक मारली होती, त्याच खळ्यात.

हॉलच्या जिन्यात तो पाहुण्यांना निरोप देत होता. ती माणसं उतरून गेल्यावर मी जवळ गेले.

‘माझ्या गुडघ्यांचं काय झालं रं?’ मी विचारलं.

‘का, दुखतात? बस ना.’

‘दुखत नाय. तुला त्यांची काळजी व्हती ना, म्हनून विचारते.’

तो समजला. चेहरा पडला त्याचा. म्हणाला, ‘आये, इथे नको.’

‘आता आये झाले. मघाशी आत आई व्हते.’

मग तो बोलला. दबक्या आवाजात, भराभरा. ‘तुला काय ठाऊक आये, मी काय काय ऐकून घेतलं. कंपनीत लागलो तेव्हा मी मीटिंगमधे तोंड उघडलं की मागून नक्कल व्हायची. बाहेरून आलेली, माझ्याहून कमी शिकलेली पोरं माझ्यावर हसायची. अजून एक जण मला येता-जाता हाय-नाय करतो. मी घरी आरशासमोर बोलून बोलून सुधारलो. माझ्या पोराला ते नको. चुकलं काय माझं?’

मला त्याचं ऐकून वाईट वाटलं नाही असं नाही. मी त्याची आई आहे. असं कुणी त्याला हसलं हे त्याने मला इतकी वर्षं सांगितलंही नव्हतं. पण मी म्हटलं, ‘हसनाऱ्यांना बोलायचं सोडून तू मला कापलंस?’

‘कापलं काय, फक्त आवाज काढला. फोटो थोडाच काढला तुझा?’

‘फोटोत मी नव्हतेच रं.’

 त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जे बोलला ते माझ्या जास्त जिव्हारी लागलं. ‘आये, दर रविवारी आनतो मी त्याला तुझ्याकडं. फक्त त्याच्याशी नीट बोलत जा. तुला येतं की. तू वाचतेस, लिहितेस, सगळं शुद्ध लिहितेस. त्याच्यासाठी एवढं कर.’

येतं मला. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी याच मुलाच्या पुस्तकांतून शिकले. तो शाळेतून आला की दुपारी मासे साफ करून हात धुवायचे आणि त्याचं मराठीचं पुस्तक घेऊन बसायचे. त्याला अडेल तिथे दोघं मिळून वाचायचो. तेव्हापासून लिहिताना मी पुस्तकासारखी लिहिते, आता लिहितेय तशी. त्याचा मला अभिमान होता. पण ते लिहायचं होतं. माझं तोंड बंद करायला कुणी ते वापरेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

आणि मी हो म्हटलं. रविवार जाऊ द्यायचा नव्हता मला. एक वर्ष मागायला गेले होते, आठवड्यातल्या एका दिवसावर कबूल होऊन आले. रिक्षात जाऊ म्हणाली, ‘तू काय ऐकलंस त्याचं? दोन द्यायच्या व्हत्या कानाखाली.’ मी म्हटलं, ‘पोराला आननार नाय मग.’ ती आमच्या वाण्याच्या दुकानापर्यंत त्याला शिव्या देत आली. मला तेवढंच बरं वाटलं.

प्लेग्रुप सुरू झाल्यावर पहिले काही रविवार त्यांना जमलं नाही. सर्दी झाली, पाहुणे आले. मग एका रविवारी आले. पोराचे केस बारीक कापलेले, पायात बूट, खळ्याच्या रेतीत अडखळत होता. मी सकाळपासून मनात वाक्यं जुळवत होते. ओट्यावर उभी राहून म्हटलं, ‘बाळा, इकडे ये. तुला काय हवं आहे? आजी तुला खाऊ देणार आहे.’

त्याने माझ्याकडे बघितलं. हॉलमध्ये गाल ओढायला आलेल्या बायकांकडे बघत होता ना, अगदी तसं. आणि आईच्या पायामागे गेला.

मुलगा खूश झाला. म्हणाला, ‘बघ, येतं की तुला.’

तेवढ्यात जाऊ आली टोपली घेऊन. तिने कुणाला काही वचन दिलेलं नव्हतं. दारातूनच ओरडली, ‘कोन आला गो हा? साहेब आला काय? वळख हाय का माजी?’ पोर आईचा पाय सोडून धावलं तिच्याकडे. ती त्याला कडेवर घेऊन वलांडीकडे गेली आणि दोघांच्या हसण्याचा आवाज घरात येत राहिला.

सून स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन कांदा चिरायला बसली. चिरता चिरता म्हणाली, ‘आई, मी ह्यांच्याशी भांडले आहे. तुम्ही तुमचंच बोला त्याच्याशी. मी बघून घेईन.’

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. जेवायला पोराला माझ्या मांडीवर बसवलं, पापलेटचा काटा काढून घास केला. समोर मुलगा जेवत होता, मोबाइल डाव्या हातात, कान मात्र इकडे. आणि माझ्या तोंडून काही येईना. पुस्तकातलं नाही, घरातलं नाही. एरवी मी कुणाला भरवते तेव्हा माझी टकळी थांबत नाही, चिमणीचा, कावळ्याचा, बोटीवरच्या आजोबांचा, कितीतरी घास निघतात. त्या दिवशी मी नुसती भरवत राहिले. पोरही मुकाट्याने खात होतं.

जाऊ दारात हात पुसत उभी होती. तिने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, ‘बाय, आज बरं नाय वाटत काय तुला?’

मी मान हलवली आणि पुढचा घास केला.